गंगापूर धरण : वयस्कर वडील आणि लहान मुलांसोबत जायचंय, कुठून बघावं?

तपोवनातली | ९ ऑक्टोबर, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. भाऊबीजेला भाऊ पुण्याहून सहकुटुंब येतोय. त्याची मुलं सहा आणि अकरा वर्षांची. एक पूर्ण दिवस फिरायला मोकळा आहे. पंचवटी, काळाराम, रामकुंड सगळं मागच्या वेळी झालंय. या वेळी बाबांनीच सांगितलं, "मला गंगापूरचं धरण बघायचंय."

बाबा चौऱ्याहत्तर वर्षांचे. आठवी-नववीत असताना मास्तरांनी त्यांच्या वर्गाला सायकलवर धरण दाखवायला नेलं होतं. तेव्हा ते नवं होतं. भिंतीवर रांगेत उभं राहून एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला शेतं पाहिली होती, एवढं त्यांना लख्ख आठवतं. त्यानंतर साठ वर्षं नाशिकमध्ये काढली, रोज त्याच धरणाचं पाणी प्यायले, पण पुन्हा तिकडे जाणं झालं नाही. गुडघे दुखतात, फार चालवत नाही. पायऱ्या तर नकोच.

भिंतीवर जाऊ देतात का? नसेल देत तर पाणी जवळून कुठून दिसेल? बोटी चालू आहेत का? मुलांना द्राक्षांचे मळे दाखवता येतील का? मी जन्मापासून नाशिकची, आणि मलाच माहीत नाही याचं वाईट वाटतं.

---

सातपूरकर | ९ ऑक्टोबर, रात्री १०:१५

भिंतीवर नाही सोडत ताई. सुरक्षारक्षक असतात, फाटकावरूनच परत पाठवतात. माझ्या लहानपणी सोडायचे, आता बरीच वर्षं बंद आहे. गंगापूर गावातून सावरगाव-गंगावऱ्हे रस्त्याला लागा, जलाशय दिसायला लागतो. गाडी रस्त्याकडेला लावून बाबांना खुर्ची टाकून बसवता येईल अशा जागा आहेत. घडीची खुर्ची सोबत घ्याच.

---

डोंगरवाट | ९ ऑक्टोबर, रात्री १०:४०

द्राक्षं आत्ता दिसणार नाहीत. ऑक्टोबर म्हणजे छाटणीचा महिना. एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि आत्ता फळछाटणी, त्यामुळे वेली बोडक्या असतील, फार तर कोवळी फूट दिसेल. मुलांना घड बघायचे असतील तर फेब्रुवारी-मार्चमध्ये आणा. पण छाटलेली बाग दाखवणंही वाया जात नाही. आत्ता डोळ्यातून फूट निघते आणि चार महिन्यांनी तिथेच पिकलेला घड मिळतो, हे अकरा वर्षांच्या मुलाला चांगलं समजतं. माझ्या पुतण्याला मी एकच वेल तीन वेळा दाखवली होती.

गिरणारेकडे वळलात तर टोमॅटोची धांदल बघायला मिळेल. क्रेटच्या थप्प्या, गाड्यांच्या रांगा. माळावर कारळ्याची पिवळी फुलं अजून असतील, आठवडाभरात ओसरतील.

---

पाटकरी | १० ऑक्टोबर, सकाळी ६:५५

मी पाटबंधारे खात्यात तेहतीस वर्षं नोकरी केली, त्यातली काही या धरणाच्या कामावर. तपोवनातली ताई, तुमच्या बाबांची इच्छा वाचली आणि सकाळी चहाच्या आधी लिहायला बसलो.

भिंतीवर का सोडत नाहीत ते आधी सांगतो, म्हणजे बाबांना राग येणार नाही. गंगापूर हे मातीचं धरण आहे. लांबी ३९०२ मीटर, जवळजवळ चार किलोमीटर. पायापासून उंची साधारण साडेछत्तीस मीटर. १९६५ मध्ये काम पूर्ण झालं. राज्यातल्या सुरुवातीच्या मोठ्या मातीच्या धरणांपैकी ते एक. मातीचं धरण म्हणजे नुसता ढीग नव्हे. मधोमध चिकण काळ्या मातीचा गाभा असतो, तो पाणी अडवतो. त्याच्या दोन्ही अंगांना मुरुमाचं आवरण असतं, ते वजन देतं. पाण्याच्या बाजूला दगडाचं पिचिंग, लाटांनी माती खचू नये म्हणून. कोरड्या बाजूला गवत. गवत चालतं, झाड चालत नाही. झाड वाळलं की मूळ कुजतं आणि पाण्याला आत शिरायला आयती नळी मिळते. उंदीर-घुशींचं बीळही तितकंच वाईट. भिंतीतून थोडं पाणी कायम झिरपतंच, ते पायथ्याच्या चरात गोळा करून रोज मोजतात. गढूळ आलं किंवा अचानक वाढलं की धावपळ सुरू होते. अशा भिंतीवर सुटीच्या दिवशी हजारो माणसं चढली तर काय होईल? आणि खाली सगळं शहर आहे.

मातीच्या धरणावरून पाणी वाहून जाता कामा नये. वाहिलं की भिंत कापली जाते. म्हणून जादा पाणी सोडायला सांडवा वेगळा, दगडी बांधकामाचा, त्याला दरवाजे. पावसाळ्यात लोक विचारतात, "धरण शंभर टक्के भरलं नाही तरी पाणी का सोडता?" जुलै-ऑगस्टमध्ये धरण काठोकाठ ठेवलं आणि त्र्यंबकच्या डोंगरावर एका रात्रीत ढग फुटल्यासारखा पाऊस झाला, तर येणारं पाणी धरायला जागा उरत नाही. म्हणून कोणत्या तारखेला किती साठा ठेवायचा याचं वेळापत्रक असतं आणि त्यानुसार विसर्ग ठरतो. सप्टेंबर २००८ चा पूर ज्यांनी पाहिला त्यांना हे वेगळं सांगायला नको. त्या पुरानंतरच शहरात निळी आणि लाल पूररेषा हा विषय घराघरांत पोहोचला.

आता आकडे, मुलांसाठी. गंगापूरची आजची क्षमता ५६३० दशलक्ष घनफूट, म्हणजे सुमारे साडेपाच टीएमसी (एक टीएमसी म्हणजे हजार दशलक्ष घनफूट). बांधलं तेव्हा ती ७२०० होती. मधला फरक म्हणजे गाळ. आपल्या डोंगरांची माती धरणात येऊन बसली आहे. वर्तमानपत्रात "हजार क्युसेकने विसर्ग" वाचता ना, एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८.३ लिटर. हजार क्युसेक एक दिवस सोडलं की ८६.४ दशलक्ष घनफूट पाणी जातं. म्हणजे भरलेलं गंगापूर हजार क्युसेकने अखंड सोडत राहिलं तर साधारण पासष्ट दिवसांत रिकामं होईल. तुमच्या अकरा वर्षांच्या भाच्याला हे गणित घालून बघा.

भिंतीचा एकूण विस्तार बाबांना दाखवायचा असेल तर खालच्या बाजूने, लांबून बघा. हिरव्या गवताचा लांबच लांब बांध, आणि त्याच्या वर काहीच नाही, फक्त आकाश. आपल्या मागे किती पाणी आहे याचा अंदाज तिथूनच येतो.

---

तपोवनातली | १० ऑक्टोबर, सकाळी ९:२०

काका, हे मी बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. "उंदराच्या बिळाने धरण फुटू शकतं हे मास्तरांनी सांगितलं होतं," म्हणाले. साठ वर्षांपूर्वीचं! गाळाचा आकडा मात्र त्यांना पटेना. दोनदा वाचायला लावला.

---

पाणपक्षी | १० ऑक्टोबर, दुपारी १:०५

पक्षी हवे असतील तर गंगापूरला आत्ता जाणं जरा लवकर होईल. दिवाळीनंतर पाहुणे यायला लागतात, डिसेंबर-जानेवारीत बहर असतो. एक दिवस काढून नांदूरमध्यमेश्वरला जा असं मी सुचवेन, पण हिवाळ्यात. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवेच्या संगमावर १९०७ ते १९१३ दरम्यान बंधारा बांधला. त्याच्या मागे गाळ साचत गेला, उथळ पाणी आणि बेटं तयार झाली, पाणवनस्पती वाढल्या. कालव्यांसाठी बांधलेला बंधारा पक्ष्यांचं घर झाला. १९८६ मध्ये अभयारण्य झालं आणि महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळही (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) तेच.

चापडगावच्या बाजूला निरीक्षण मनोरे आहेत. गावातलीच मुलं गाइड म्हणून येतात, त्यांची नजर फार तयार आहे. दुर्बीण नसली तरी अडत नाही. थापट्या, तलवार बदक, चक्रवाक, हळदीकुंकू, जांभळी पाणकोंबडी आणि वारकरी हमखास. वारकरी म्हणजे काळाभोर पक्षी आणि कपाळावर पांढरा टिळा. मुलांना हे नाव एकदा सांगितलं की ती विसरत नाहीत. सकाळी सूर्य उगवायच्या आत पोहोचा. दहा वाजता गेलात तर पक्षी दूर सरकलेले असतात.

मनोऱ्याला पायऱ्या आहेत. बाबांनी खालच्या काठावरून बघितलं तरी पुष्कळ दिसतं.

---

रानमेवा | १० ऑक्टोबर, दुपारी ३:३०

बोटींबद्दल: पर्यटन विकास महामंडळाचं ग्रेप पार्क रिसॉर्ट आणि बोट क्लब गंगापूर जलाशयाच्या काठावर आहे. बोटी पाण्याच्या पातळीवर आणि हवामानावर अवलंबून असतात, निघण्यापूर्वी फोन करून विचारा. लाइफ जॅकेट बाबांसकट सगळ्यांनी घालायचं. मुलांच्या मापाचं आहे का ते बोटीत बसण्याआधी बघा, सैल जॅकेट पाण्यात डोक्यावरून निघून येतं.

---

सातपूरकर | १० ऑक्टोबर, संध्याकाळी ६:१०

मुलं लहान आहेत तर काठावर जरा पाण्यात खेळू द्या की. उथळ असतं बाजूला. आम्ही कॉलेजात असताना तासन्‌तास डुंबायचो.

---

कडवा_नदी | १० ऑक्टोबर, रात्री ८:४५

सातपूरकर, कृपा करून हे लिहू नका. इथे कोणीतरी वाचून तसंच करेल.

माझा वर्गमित्र असाच गेला. पट्टीचा पोहणारा होता. आम्ही सहाजण होतो, मे महिना, पाणी उतरलेलं. काठापासून आठ-दहा पावलं गुडघाभर पाणी होतं. पुढच्या पावलाला तळच नव्हता. पाय गाळात रुतला आणि तो वर आलाच नाही. आमच्यातले दोघं त्याच्यामागे उतरायला निघाले होते. एका गुराख्याने त्यांना धरून ठेवलं, नाहीतर त्या दिवशी तीन घरं बसली असती. पंधरा वर्षं झाली. त्याच्या आईला मी अजून दर दिवाळीला भेटायला जातो, आणि दर वेळी फाटकापाशी थोडा वेळ थांबतो, मग आत जातो.

---

पाटकरी | १० ऑक्टोबर, रात्री ९:३०

कडवा_नदी, तुमच्या मित्राबद्दल वाचून फार वाईट वाटलं. हे का होतं ते लिहितो, कारण लोकांना वाटतं की पोहता येणाऱ्याला धोका नाही.

जलाशयाचा तळ तलावासारखा हळूहळू खोल होत नाही. पाण्याखाली जुनी नदी आहे, तिचे काठ आहेत, ओहोळ आहेत, विहिरी आहेत. भिंतीसाठी माती-मुरूम काढला ते खड्डे बऱ्याचदा बुडीत क्षेत्रातच असतात. वरून सगळं सारखं दिसतं. गाळ तर दह्यासारखा असतो, पाय आत जातो आणि ओढायला गेलं की दुसरा रुततो. पोहणाऱ्याला हातपाय मारायला मोकळं पाणी लागतं, गाळात ते मिळत नाही.

कोणी बुडताना दिसला तर मागे उडी मारू नका. ओढणी, दोर, लांब काठी, रिकामा बंद कॅन, हाताशी असेल ते फेका आणि आरडाओरडा करा. ११२ ला फोन करा. स्थानिक मच्छीमार आणि गुराखी यांना तळ माहीत असतो, त्यांचं ऐका.

सोमेश्वरच्या धबधब्यालाही हेच. तो धरणाच्या खाली आहे. तुमच्या डोक्यावर ऊन असतं आणि वर विसर्ग वाढवलेला असतो. पावसाळ्यात खडकावर उतरूच नये.

---

सातपूरकर | १० ऑक्टोबर, रात्री ९:५५

चूक झाली माझी. कडवा_नदी, माफ करा. आम्ही वाचलो ते नशिबाने, हे आज कळलं. पोस्ट तशीच ठेवतो, म्हणजे खालचं वाचलं जाईल.

---

बुडीतक्षेत्र | ११ ऑक्टोबर, पहाटे ५:२०

दोन दिवस हा धागा वाचतोय. मी त्या पाण्याच्या काठावरच्या गावातला. आमचं जुनं शेत आणि घर गंगापूरच्या पाण्याखाली आहे. आजोबांच्या नावावर सात एकर होतं, त्यातलं साडेपाच बुडितात गेलं. उरलेलं माळरान.

मोबदला मिळाला. त्या पैशात दुसरीकडे तेवढी जमीन आली नाही. आजोबा गेले तोपर्यंत कागदांची पिशवी उशाखाली ठेवायचे. ज्या पाण्यासाठी शेत दिलं ते पाणी नळाने आमच्या वस्तीत पोहोचायला पुढे कित्येक वर्षं गेली. आई उन्हाळ्यात धरणाच्या काठावर झरा खणून हंडा भरायची. "धरण उशाला अन् कोरड घशाला" ही म्हण आम्ही शाळेत शिकलो नाही.

हे कोणावर राग म्हणून लिहीत नाही. शहराला पाणी लागतंच. माझी बहीण सिडकोत राहते, तिच्या नळाला हेच पाणी येतं. पण इथे फिरायला येणाऱ्यांना एवढं माहीत असावं असं वाटतं.

पाणी उतरायला लागलं की उघड्या पडलेल्या जमिनीत आम्ही गाळपेर करतो. हरभरा, भुईमूग, थोडा भाजीपाला. गाळाची जमीन, पाणी फार द्यावं लागत नाही. त्याच जमिनीवर रविवारी गाड्या येतात. पिकातून चाकं जातात, कारण वरून ते रिकामं पटांगण वाटतं. बाटल्या फुटतात. मागच्या वर्षी आमच्या म्हशीचा खूर काचेने कापला, महिनाभर ती पाण्यावर लंगडत यायची. आणि पाण्यात गाडी धुवायला लोक आणतात. चाकाचं ऑइल पाण्यावर तरंगताना मी पाहिलंय. ते पाणी संध्याकाळी तुमच्याच टाकीत जाणार आहे.

ताई, बाबांना जरूर आणा. साठ वर्षांनी कोणी धरण बघायला येतंय याचं मला खूप बरं वाटलं. आत्ता धरण भरलेलं आहे, तेव्हा पाणीच पाणी दिसेल. आमच्या विहिरीचं दगडी कडं मात्र मे महिन्यात वर येतं, पाऊस कमी झालेला असेल त्या वर्षी. वडिलांचा जन्म तिथल्या घरातला. ते दर वर्षी तिथे जाऊन नारळ ठेवतात.

---

डोंगरवाट | ११ ऑक्टोबर, सकाळी ८:००

दादा, तुमची पोस्ट तीनदा वाचली. गाळपेर हा शब्दच मला माहीत नव्हता. बॅकवॉटरला आम्ही गेल्या मार्चमध्ये गेलो तेव्हा त्या हिरव्या पट्ट्यांतूनच गाडी खाली नेली होती. आता नेणार नाही.

---

कोरडवाहू | ११ ऑक्टोबर, सकाळी ११:४०

मी पैठणजवळचा. तुमच्या धरणाचं पाणी पुढे आमच्या नाथसागरात, म्हणजे जायकवाडी धरणात येतं. तेरा-चौदा वर्षांचा असताना दुष्काळात आमच्या गावात टँकरची वाट बघत पाणी साठवलंय, म्हणून पाण्याचा विषय निघाला की राहवत नाही. नाशिकच्या बातम्यांत "आमचं पाणी पळवलं" असं वाचलं की मनाला लागतं. गोदावरी त्र्यंबकला उगम पावते, पण तिची १४६५ किलोमीटरची वाट आमच्या दारावरूनच जाते.

---

द्राक्षबाग_निफाड | ११ ऑक्टोबर, दुपारी १२:२५

कोरडवाहू भाऊ, तुमचं दुःख खरं आहे. पण आमचंही ऐका. आत्ता छाटणी झाली, पुढचे चार महिने वेलीला पाणी वेळेवर लागतं. आवर्तन, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याची पाळी, पंधरा दिवस पुढे गेलं तर मणी फुगत नाही. कर्ज काढून बाग उभी केलेली असते. आम्ही पाणी नाकारत नाही, आम्हाला तारीख आधी कळावी एवढंच.

---

पाटकरी | ११ ऑक्टोबर, दुपारी २:१०

दोघांसाठी थोडक्यात. २००५ च्या कायद्याने राज्यात जलसंपत्ती नियमन प्राधिकरण आलं. मेंढेगिरी समितीच्या अभ्यासावरून २०१४ मध्ये प्राधिकरणाने सूत्र दिलं: १५ ऑक्टोबरला जायकवाडीत उपयुक्त साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं, गंगापूर आणि दारणा समूहातूनही. नोव्हेंबर २०२३ मध्ये तसं सोडलंही. जायकवाडीची एकूण क्षमता १०० टीएमसीहून जास्त, गंगापूरची साडेपाच. म्हणजे एकटं गंगापूर रिकामं केलं तरी नाथसागर भरणार नाही, आणि वरून सोडलेल्या पाण्याचा मोठा हिस्सा वाटेत नदीपात्रात मुरतो. द्राक्षबागवाल्यांचं म्हणणं बरोबर आहे, तारीख आधी कळली पाहिजे. कोरडवाहूंचंही बरोबर आहे, प्यायला पाणी मिळालं पाहिजे. माझ्या नोकरीत मी दोन्ही बाजूंचे मोर्चे पाहिले. दोन्हीकडे पुढच्या रांगेत बायका होत्या, हातात रिकामे हंडे.

यावर खूप बोलण्यासारखं आहे, वेगळा धागा काढू. इथे ताईंच्या बाबांचं राहू द्या.

---

पाणपक्षी | ११ ऑक्टोबर, दुपारी ४:५०

बुडीतक्षेत्र दादांच्या पोस्टला जोडून: फोटोसाठी पक्ष्यांच्या मागे गाळात उतरणं, दगड मारून थवा उडवणं, हे पक्षीप्रेमी म्हणवणाऱ्यांनीही केलेलं मी पाहिलंय. हजारो किलोमीटर उडून आलेला पक्षी चरायला बसलेला असतो. त्याला उठवलं की तो शक्ती घालवतो. ड्रोन तर अजिबात नको.

---

रानमेवा | १२ ऑक्टोबर, सकाळी ७:३०

गर्दी नको असेल तर आणखी पर्याय. गिरणारेच्या पुढे धोंडेगावला काश्यपी धरण, आकाराने लहान, डोंगर अगदी जवळ. त्र्यंबक रस्त्याने बेझेला गौतमी-गोदावरी, शेजारीच चक्रतीर्थ. ब्रह्मगिरीवर उगम पावून गुप्त झालेली गोदावरी तिथे पुन्हा प्रकट होते अशी श्रद्धा आहे. जाताना अंजनेरीचा डोंगर डाव्या हाताला सोबत राहतो. चालू शकणाऱ्यांसाठी हा दिवस सुंदर जातो. तिसरा पर्याय वैतरणेचा. तीही त्र्यंबकच्याच डोंगरांतून निघते पण पश्चिमेला वळते, आणि ऊर्ध्व वैतरणेचं पाणी मुंबईला जातं. एकाच डोंगररांगेचं पाणी दोन समुद्रांकडे निघतं, हे मला दर वेळी नवं वाटतं.

सगळं एका दिवसात करू नका. बाबांसाठी एकच जागा, आणि तिथे निवांत दोन तास.

---

तपोवनातली | २५ ऑक्टोबर, रात्री १०:३०

काल जाऊन आलो. उशीर झाला लिहायला, घरात पाहुणे होते.

सकाळी साडेसातला निघालो. आधी पाटकरी काकांनी सांगितल्याप्रमाणे भिंत खालच्या बाजूने, दूरवरून पाहिली. बाबा गाडीतून उतरले, दारावर हात टेकवून उभे राहिले. पाच-सात मिनिटं काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "तेव्हा गवत नव्हतं. लाल होती." मी भाच्याला गाभा, मुरूम, पिचिंग समजावलं, त्याने रस्त्याकडेच्या मातीचा छोटा बांध करून बाटलीतलं पाणी ओतलं. बांधावरून पाणी गेलं आणि मधोमध कापला गेला. दोन्ही मुलं बघतच राहिली. त्यानंतर सांडव्याचं वेगळं सांगावं लागलं नाही.

मग सावरगाव रस्त्याने पुढे. खुर्ची नेली होती. बाबांना सावलीत बसवलं, समोर पाणी. वारा होता, बारीक लाटा. एक मच्छीमार टायरच्या ट्यूबवर बसून जाळं ओढत होता. मुलांना पाण्यापासून लांब ठेवलं. धाकटीने रडून घेतलं, तिला कडवा_नदी यांची गोष्ट मी सांगितली नाही, फक्त म्हटलं की खाली विहिरी आहेत. ती लगेच गप्प झाली आणि मग दुपारभर विहिरींबद्दलच विचारत होती. विहिरीत मासे राहतात का, विहिरीवरचा रहाट कुठे गेला, पाणी भरायला लोक आता कुठे जातात.

बोटीत बसलो नाही. बाबांना नको होतं.

पक्षी थोडेच दिसले. दोन चक्रवाक, पाणकावळे, काठावर शेकाट्या. पाणपक्षी, जानेवारीत नांदूरमध्यमेश्वर नक्की, चापडगाव सकाळी सहा.

परतताना रस्त्यावर एका आजीबाईंकडून भुईमुगाच्या ओल्या शेंगा आणि काकड्या घेतल्या. वहिनीने काठावरून परत निघताना आमचा कचरा एका पिशवीत भरला, आणि बाजूला पडलेल्या बाटल्यांची दुसरी पिशवी. ती भरायला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत, इतक्या होत्या. काचा वेगळ्या कागदात गुंडाळून घेतल्या. बुडीतक्षेत्र दादा, तुमच्या म्हशीची आठवण होती.

घरी आल्यावर बाबांनी नळाखाली ग्लास भरला आणि भाच्याला विचारलं, "एक क्युसेक म्हणजे असे किती ग्लास?" पाव लिटरचा ग्लास धरून दोघं वही घेऊन बसले. एकशेतेरा आले, सेकंदाला.

दादा, एक विचारायचंय. बाबांना तुमच्या वडिलांना भेटायचंय. दोघं एकाच वयाचे असतील. ज्या वर्षी माझे बाबा सायकलवर भिंत बघायला आले, त्याच सुमारास तुमच्या घरातली माणसं सामान हलवत असतील, हे त्यांच्या मनातून जात नाही. मे महिन्यात विहीर वर आली तर आम्ही आलो तर चालेल का? तुमच्या वडिलांना त्रास होणार असेल तर स्पष्ट सांगा.

---

बुडीतक्षेत्र | २६ ऑक्टोबर, पहाटे ५:१०

वडिलांना विचारलं. ते म्हणाले, त्यांना म्हणावं सकाळी लवकर या, दहानंतर गाळ तापतो. आणि नारळ आणू नका, तो आमचा आम्ही आणू. बाबांसाठी बैलगाडी वरच्या बांधापर्यंत आणता येईल, तिथून कडं दिसतं.

पाणी किती उतरतंय ते एप्रिलपासून इथेच कळवत राहीन.